हॉस्पिटल चालवायला शिकायचं कुठे? प्रॅक्टिकमचे आठ आठवडे

ही मालिका पाहणाऱ्या पालकांकडून एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो. कुणी सोलापूरहून विचारतं, कुणी बेळगावहून, कुणी इंदूरहून. "मुलगी एमएचए करतेय, म्हणजे हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन. आता कॉलेज म्हणतं, दोन महिने बंगळूरच्या हॉस्पिटलात प्रॅक्टिकम करायचं. पगार नाही, राहण्याचा खर्च आपला. साहेब, मुलांना फुकटात राबवून घेण्याचाच हा प्रकार ना?"

प्रश्न रास्त आहे. शैक्षणिक कर्ज काढून शिकवणाऱ्या आई-बाबांनी तो विचारायलाच हवा. प्रॅक्टिकममध्ये नेमकं काय शिकायचं असतं, ते कसं शिकलं जातं आणि आपलं प्रॅक्टिकम चांगलं चाललंय की वाया जातंय हे कसं ओळखायचं, हे मी आजच्या भागात सांगणार आहे.

आधी माझी बैठक सांगतो. मी डॉक्टर नाही. सैन्यात मी सर्व्हिस कोरमध्ये होतो. रसद, वाहनं, इंधन, धान्य हे आमचं काम. निवृत्तीनंतर व्हाइटफील्डला स्थायिक झालो आणि काही वर्षं एका खासगी हॉस्पिटलचं प्रशासन पाहिलं. त्या काळात दर वर्षी विद्यार्थ्यांच्या तुकड्या माझ्याकडे येत. त्यांना पाहून जे कळलं, ते मांडतो.

प्रॅक्टिकम म्हणजे काय

तीन गोष्टींची गल्लत होते. पहिली, भेट. चाळीस मुलं बसमधून येतात, कुणीतरी त्यांना ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत नेतं, फोटो होतो, मुलं परत जातात. दुसरी, इंटर्नशिप. यात मूल एखाद्या विभागात बसून तिथलं रोजचं काम करतं. तिसरं, प्रॅक्टिकम. यात अभ्यासक्रमात शिकलेली एखादी गोष्ट खऱ्या हॉस्पिटलातल्या खऱ्या प्रश्नावर लावून पाहायची असते, एक मार्गदर्शक कॉलेजचा आणि एक हॉस्पिटलचा असतो, आणि शेवटी तुम्ही काय शोधलं याचा जाब द्यावा लागतो. कॉलेजं ही नावं वाटेल तशी वापरतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. खऱ्या प्रश्नाची जबाबदारी मुलावर टाकली आहे का, एवढं पाहा.

ही कल्पना नवी नाही. १९३४ मध्ये शिकागो विद्यापीठात हॉस्पिटल प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हापासून वर्गातल्या शिक्षणाला हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाची जोड देण्याची पद्धत पडली. आपल्याकडे सेवाग्रामचं उदाहरण घ्या. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एका खेड्यात शिबिरात राहतात आणि घरोघर जाऊन गावाची पाहणी करतात. रोग पुस्तकात शिकण्याआधी रोगी कुठे राहतो ते पाहून यायचं, हा त्यामागचा विचार.

सैन्यातही हेच चालतं. नवा लेफ्टनंट पलटणीत आला की सुरुवातीचे काही आठवडे त्याला जवानांबरोबर बरॅकमध्ये राहायला लावतात. जवानांबरोबर पीटी, त्यांच्याच लंगरमध्ये जेवण. खांद्यावर तारे असतात, पण ज्याच्यावर हुकूम चालवायचा त्याचा दिवस कसा जातो हे आधी कळलं पाहिजे. हॉस्पिटलच्या प्रशासकालाही वॉर्डबॉय, सिस्टर, बिलिंगचा क्लार्क, लाँड्रीवाला या सगळ्यांचा दिवस ठाऊक हवा. तो पुस्तकातून कळत नाही.

व्हाइटफील्ड का

ज्यांनी व्हाइटफील्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन. बंगळूरच्या पूर्वेला असलेलं हे ठिकाण १८८० च्या दशकात अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेलं खेडं होतं. आज ते आयटी कंपन्यांचं गाव आहे. २०२३ पासून इथे मेट्रोची पर्पल लाइन धावते. व्हाइटफील्ड-कडुगोडी या शेवटच्या स्टेशनवरून शहराकडे निघालात की वाटेत एक स्टेशन येतं त्याचं नावच 'श्री सत्यसाई हॉस्पिटल' आहे. पुढचं नल्लूरहळ्ळी. या टापूत एकमेकांपासून काही मिनिटांवर तीन तऱ्हेची हॉस्पिटलं आहेत, आणि हॉस्पिटल प्रशासन शिकणाऱ्याला याहून चांगला नकाशा सापडणं कठीण.

पहिली तऱ्हा, धर्मादाय. श्री सत्यसाई इन्स्टिट्यूट ऑफ हायर मेडिकल सायन्सेसचं उद्घाटन १९ जानेवारी २००१ रोजी तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते झालं. इथे हृदयाच्या आणि मेंदूच्या मोठ्या शस्त्रक्रिया मोफत होतात. बिलाचा काउंटरच नाही. प्रशासनाच्या विद्यार्थ्याने इथे विचार करावा की पैशाची चाळणी नसेल तेव्हा रांग कोणत्या न्यायाने लावायची. आधी आला त्याला आधी, की जास्त आजारी त्याला आधी? आणि दूरच्या राज्यातून आलेल्याला परत पाठवताना काय सांगायचं?

दुसरी तऱ्हा, वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल. वैदेही हे इथलं उदाहरण. अशा ठिकाणी उपचार आणि शिक्षण एकाच वॉर्डात चालतं. राऊंडला एका डॉक्टरामागे दहा विद्यार्थी असतात, एकाच रुग्णाची माहिती तीनदा लिहिली जाते, निर्णयाला वरिष्ठाची सही लागते. इथे कळतं की प्रत्येक उशीर आळसापायी होत नसतो. काही उशीर त्या संस्थेच्या उद्देशातूनच येतो.

तिसरी तऱ्हा, कॉर्पोरेट. इथे बहुतेक रुग्ण विम्यावर येतात. आयटी कंपनीचा ग्रुप विमा, टीपीएचा डेस्क, पॅकेज, रूमचे प्रकार, रुग्णाच्या समाधानाचे गुण. इथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे आणि ती कुणाच्या तरी बिलात उतरते.

कुठल्या हॉस्पिटलात प्रॅक्टिकम मिळेल हे कॉलेजच्या करारावर ठरतं. पण एका ठिकाणी काम करताना बाकीच्या दोन तऱ्हा डोळ्यांसमोर ठेवल्या, तर "सगळीकडे असंच असतं" हा भ्रम राहत नाही.

एक प्रश्न, एक घड्याळ

आता मुद्द्याचं. प्रॅक्टिकममध्ये कौशल्य तयार होतं म्हणजे नेमकं काय होतं? प्रॅक्टिकमला आलेल्या मुलांना सर्वाधिक वेळा दिला जातो तो विषय घेतो : डिस्चार्जला उशीर का होतो?

सकाळी नऊला डॉक्टर म्हणतात, "आज घरी जा." घरचे बॅग भरतात, गाडी बोलावतात. प्रत्यक्षात निघायला संध्याकाळचे चार वाजतात. आपल्यातल्या बहुतेकांनी हे भोगलंय. त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत दुसरा रुग्ण स्ट्रेचरवर पडून आहे, कारण वर बेड रिकामा नाही.

सोलापूरकडची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिला मी हाच प्रश्न दिला. ती दुसऱ्या दिवशी हसत आली. म्हणाली, "सर, कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे. डिस्चार्जची नोंद ते गेट पास, सरासरी चार तासांच्या आत." मी म्हटलं, "छान. आता वही आणि घड्याळ घेऊन तिसऱ्या मजल्यावर उभी राहा."

आठवड्याने ती आली तेव्हा हसत नव्हती. डॉक्टर नऊला बोलतात, पण कॉम्प्युटरमध्ये डिस्चार्जची नोंद बारानंतर पडते, कारण ज्युनिअर डॉक्टर आधी सगळे राऊंड संपवतो, मग समरी लिहायला बसतो. म्हणजे कॉम्प्युटरचं घड्याळ सुरू होण्याआधीच रुग्णाचे तीन तास गेलेले असतात आणि ते कुठल्याच अहवालात येत नाहीत.

प्रॅक्टिकमचा पहिला धडा हा. घड्याळ कुठे सुरू होतं, ते आधी विचारा. रुग्णाचं घड्याळ डॉक्टरच्या शब्दावर सुरू होतं, हॉस्पिटलचं नोंदीवर, विमा कंपनीचं कागद पोचल्यावर. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, मे २०२४ मध्ये नियम केला की डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी विमा कंपनीने हॉस्पिटलची विनंती आल्यापासून ३ तासांच्या आत द्यायची, आणि त्याहून उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. नियम चांगला आहे. पण हे ३ तास हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर सुरू होतात. नऊ ते बारा हा वेळ या नियमात बसतच नाही. हे ज्याला कळलं त्याला टीपीएवर खापर फोडून मोकळं होता येत नाही.

त्या मुलीने मग सात टप्प्यांची नोंद ठेवली. डॉक्टरचा शब्द, समरीवर सही, न वापरलेली औषधं फार्मसीला परत, अंतिम बिल, विम्याची मंजुरी, रुग्ण बाहेर, आणि सातवा टप्पा : बेड स्वच्छ होऊन नव्या रुग्णासाठी तयार. सातवा टप्पा बहुतेक जण विसरतात. रुग्ण गेला म्हणजे बेड रिकामा झाला असं नसतं. चादर बदलायची, गादी पुसायची, बाथरूम धुवायची आणि मग "तयार" असं कुणीतरी कळवायचं. हाउसकीपिंगच्या अक्का त्या वेळी जेवायला गेल्या असतील तर अर्धा तास तिथेच गेला.

हिशेब

आता थोडं गणित, घाबरू नका. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ मध्ये एक साधा नियम सिद्ध केला. एखाद्या जागेत सरासरी किती लोक असतील? रोज जितके येतात, गुणिले प्रत्येक जण जितके दिवस राहतो. दिवसाला ४० रुग्ण दाखल होत असतील आणि प्रत्येक जण सरासरी ४ दिवस राहत असेल, तर १६० बेड भरलेले राहणार.

आता प्रत्येकाचा मुक्काम फक्त ३ तासांनी कमी करा. ४० गुणिले ३ म्हणजे रोजचे १२० बेड-तास. त्याला २४ ने भागा. ५ बेड. एकही वीट न रचता, एकही खाट न विकत घेता पाच बेड मोकळे झाले. नवे पाच बेड उभे करायचे तर जागा, ऑक्सिजनची लाइन, मॉनिटर, सिस्टर हे सगळं लागतं. हा हिशेब मॅनेजमेंटसमोर मांडला की "डिस्चार्ज लवकर करा" ही तक्रार राहत नाही, तो प्रस्ताव होतो.

सरासरीचाही एक सापळा आहे. समजा ३० रुग्ण मोजले. २७ जणांना ३ तास लागले आणि तिघांना १२. सरासरी येते ३.९ तास. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळ्यांनाच चार तासांच्या आसपास लागतात. तसं नाही. बहुतेकांचं काम तीन तासांत होतंय आणि तिघांचं कुठेतरी अडकलंय. ते तिघे कोण? कदाचित तिघांचाही विमा गावाकडच्या पॉलिसीवर असेल, कदाचित तिघेही शनिवारी दुपारी सुटलेले असतील. उपाय त्या तिघांमध्ये दडलेला असतो. म्हणून सरासरीबरोबर मधला आकडा पाहायचा, आणि टोकाच्या केसेसची फाइल स्वतः उघडायची.

आकड्यांनी हॉस्पिटल सुधारण्याची परंपरा सैन्यातूनच आली, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. फ्लोरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. तिथे जखमांपेक्षा जास्त सैनिक रोगांनी मरत होते. १८५५ च्या वसंतात गटारं साफ झाली, हवा खेळती झाली आणि मृत्यू उतरले. १८५८ मध्ये नाइटिंगेलबाईंनी हे आकडे रंगीत आकृतीत मांडले, कारण मंत्र्यांना तक्ते वाचायचा कंटाळा असतो हे त्यांना ठाऊक होतं. हातात दिवा घेतलेली बाई सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या दुसऱ्या हातात हिशेबाची वही होती, ती प्रशासनाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी.

माणसं

आकडे काढले, पुढे काय? इथे दुसरं कौशल्य लागतं, आणि ते जास्त अवघड आहे. प्रॅक्टिकमच्या मुलाला कसलाही अधिकार नसतो. तो ना डॉक्टरला सांगू शकतो, ना सिस्टरला. अधिकार नसताना काम करून घेणं हाच मोठा अभ्यास आहे. खरं सांगायचं तर नोकरी लागल्यावरही प्रशासकाची स्थिती फार वेगळी नसते. सर्जनला हुकूम देऊन कुणी काही करून घेतलेलं मी पाहिलेलं नाही.

माझा नियम होता : ज्यांचं काम मोजलंय, त्यांना निष्कर्ष आधी दाखवायचा. साहेबांना नंतर. त्या मुलीने वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना तक्ता दाखवला. त्या केरळच्या, वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या कोण जाणार हे आम्हाला आदल्या संध्याकाळीच माहीत असतं. समरीचा मसुदा तेव्हाच झाला आणि उरलेली औषधं रात्रीच परत गेली, तर सकाळी फक्त सही राहील." उपाय सिस्टरकडे होता. त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. तो एका वॉर्डात करून पाहिला आणि त्या वॉर्डातला सकाळचा खोळंबा कमी झाला. पुढे अहवालात त्या सिस्टरचं नाव आलं, तेव्हा बाकीच्या वॉर्डांनी स्वतःहून विचारणा केली.

व्हाइटफील्डला भाषेचा प्रश्नही आहे. रिसेप्शनवर तासाभरात कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, बंगाली ऐकू येते. मराठी मुलांचं हिंदीवर भागतं, पण वॉर्डबॉय अण्णा आणि सफाईच्या अक्का बहुधा कन्नड, तेलुगू किंवा तमिळ बोलणाऱ्या. मी प्रत्येकाला पन्नास कन्नड वाक्यं पाठ करायला सांगत असे. "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का? "नोवु एल्लिदे?" म्हणजे कुठे दुखतंय? या दोन प्रश्नांनी जी दारं उघडतात ती गळ्यातल्या ओळखपत्राने उघडत नाहीत.

नियम हाताशी येतात ते असे

कायदे आणि नियम परीक्षेत पाठ करता येतात, पण ते समजतात वॉर्डात. एक उदाहरण देतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम. पिवळ्या पिशवीत रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग आणि शरीराचे भाग, लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या आणि हातमोजे, पांढऱ्या टोचरोधक डब्यात सुया आणि ब्लेड, निळ्यात काच. पिवळ्यातला ओला, सडणारा कचरा ४८ तासांपलीकडे साठवायचा नाही. हे कुणीही घोकू शकतं.

पण वॉर्डात उभं राहिलं की प्रश्न पडतो : सुई लाल पिशवीत का सापडली? सिस्टरला नियम माहीत नाही म्हणून? बहुधा नाही. पांढरा डबा तीन बेड पलीकडे आहे आणि तिच्या हातात त्या क्षणी दुसऱ्या रुग्णाचं काम आहे म्हणून. मग उपाय आणखी एक प्रशिक्षण हा नसतो. डबा ट्रॉलीवर आणणं हा असतो. ती सुई उद्या पिशवी उचलणाऱ्या माणसाच्या हातात घुसणार आहे, हे डोळ्यांसमोर असलं की नियमाला चेहरा येतो.

योजनांचंही तसंच. आयुष्मान भारत २०१८ मध्ये आली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आम्हा माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस आहे, तिथे आधी पॉलिक्लिनिक, मग रेफरल, मग मान्यताप्राप्त हॉस्पिटल. प्रत्येकाचा कागद वेगळा, दर वेगळे. या डेस्कवर एक आठवडा बसलेल्या मुलाला कळतं की एक चुकीचा शिक्का म्हणजे म्हाताऱ्या सुभेदाराची आणखी एक खेप.

आणि गुप्तता. हॉस्पिटलात कुणाचं काय दुखतंय हे कानावर पडतच राहतं. ते कँटीनमध्ये बोलायचं नाही, फाइलचा फोटो मोबाइलमध्ये काढायचा नाही, अहवालात रुग्णाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक येऊ द्यायचा नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, पण ही शिस्त त्याच्याही आधीची आहे.

आठ आठवडे कसे घालवावेत

मुलांनो, आता तुमच्याशी बोलतो. पहिला आठवडा कॉम्प्युटरला हात लावू नका. गेटपासून सुरुवात करा आणि एका रुग्णामागे, त्याची परवानगी घेऊन, दिवसभर फिरा. किती वेळा तेच नाव सांगावं लागलं, किती जिने चढावे लागले, किती ठिकाणी "थांबा" म्हणाले, ते लिहा. सैन्यात याला रेकी म्हणतात. रेकीत गेलेला वेळ कधी फुकट जात नाही.

दुसऱ्या आठवड्यात जिथे कुणी जात नाही तिथे जा. रेकॉर्ड रूम, स्टोअर, लाँड्री, स्वयंपाकघर, आणि उपकरणं निर्जंतुक करतात तो सीएसएसडी विभाग. दोन रात्री तरी नाइट ड्युटीला थांबा. रात्री दोनचं हॉस्पिटल आणि दुपारी दोनचं हॉस्पिटल वेगळं असतं.

तिसऱ्या आठवड्यात मार्गदर्शकाबरोबर एक प्रश्न ठरवा. तो एका ओळीत मावला पाहिजे. "रुग्णसेवेची गुणवत्ता" हा प्रश्न नाही. "तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरच्या शब्दानंतर रुग्ण किती वेळाने बाहेर पडतो आणि तो वेळ कुठे जातो" हा प्रश्न आहे.

चौथा आणि पाचवा आठवडा मोजणीचा. सहाव्यात ज्यांचं काम आहे त्यांच्याशी बोला. सातव्यात एका वॉर्डात एकच छोटा बदल करून पाहा. आठव्यात पुन्हा मोजा, आणि आधीच्या सोमवारची तुलना नंतरच्या सोमवारशीच करा. दिवाळीच्या आठवड्यात वॉर्ड अर्धे रिकामे असतात. तेव्हाचे आकडे दाखवून "सुधारणा झाली" म्हणू नका. अहवाल दहा पानांचा पुरे. त्यात जे जमलं नाही तेही लिहा. नोकरीच्या मुलाखतीत तुम्हाला विचारतील : काय मोजलं, काय निघालं, कोण नाराज झालं, मग काय केलंत? या चार प्रश्नांना स्वतःच्या अनुभवातून उत्तर देणारं मूल लगेच ओळखू येतं. विकत घेतलेला प्रोजेक्ट दुसऱ्याच प्रश्नाला गळपटतो.

पालकांनी आधी काय विचारावं

सुरुवातीच्या प्रश्नाला आता सरळ उत्तर देतो. राबवून घेणं घडतं का? घडतं. आठ आठवडे एका टेबलावर बसवून फॉर्म भरायला लावतात आणि शेवटी सर्टिफिकेट देतात, असंही प्रॅक्टिकम मी पाहिलंय. त्यात हॉस्पिटलला एक फुकटचा क्लार्क मिळतो आणि मुलाचे दोन महिने जातात. म्हणून होकार देण्याआधी कॉलेजला हे विचारा.

१. हॉस्पिटलमधला मार्गदर्शक कोण? नाव आणि हुद्दा सांगा, आणि आठवड्यातून किती वेळ तो मुलाला देणार?

२. किती विभागांत फिरायला मिळणार?

३. प्रोजेक्टचा प्रश्न कोण ठरवणार? त्याच्या उत्तराची गरज हॉस्पिटलात कुणाला आहे का? कुणालाच नसेल तर ते काम कपाटात जाणार.

४. मोजणीसाठी नोंदी पाहायला लेखी परवानगी मिळणार का?

५. स्टायपेंड, जेवण, राहण्याची सोय काय? रात्रपाळी संपल्यावर, विशेषतः मुलींच्या, परतीची व्यवस्था काय?

६. लसीकरण झालंय का? हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस साधारण सहा महिन्यांत पुरे होतात. हॉस्पिटलात जायच्या आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

सहापैकी चार प्रश्नांना नीट उत्तर आलं तर बिनधास्त पाठवा. एकालाही आलं नाही, तर कॉलेजकडे दुसऱ्या हॉस्पिटलची मागणी करा. तो तुमचा हक्क आहे, फी तुम्ही भरलीय.

आणि मुलांनाही एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. या क्षेत्रात सुरुवात केबिनमधून होत नाही. वॉर्ड, ओपीडी, टीपीए डेस्क किंवा क्वालिटी विभागात, शिफ्टमध्ये, रविवार-सणासकट काम असतं. चिडलेले नातेवाईक समोर उभे असतात आणि डॉक्टर ऑपरेशनमध्ये असतो. हे आपल्याला झेपेल का, हे कळायला आठ आठवडे पुरतात. "हे माझं काम नाही" असं प्रॅक्टिकममध्ये कळलं, तरी ते शिकणंच झालं. नोकरीत पाच वर्षं घालवून कळण्यापेक्षा स्वस्तात पडलं.

आपण हॉस्पिटलात जातो तेव्हा डॉक्टर चांगला आहे का, एवढंच विचारतो. पण चांगल्या डॉक्टरपर्यंत रुग्ण वेळेत पोचला का, बेड तयार होता का, औषध स्टोअरमध्ये होतं का, घरी जाताना त्याला सहा तास ताटकळावं लागलं का, हे दुसऱ्याच कुणाच्या तरी कामावर ठरतं. त्या माणसाचं नाव रुग्णाला कधी कळत नाही. रसदीच्या माणसाचंही तसंच असतं, शिधा वेळेवर पोचला तर त्याची आठवण कुणाला येत नाही. तुमच्या घरातलं मूल त्या कामाला निघालं असेल, तर त्याला घड्याळ, वही आणि पन्नास कन्नड वाक्यं देऊन पाठवा.

पुढच्या भागात ईसीएचएसच्या रेफरलबद्दल बोलू, पॉलिक्लिनिकमधून निघताना कोणते कागद हातात असावेत ते. तोपर्यंत तब्येतीची काळजी घ्या. जय हिंद.